चाळिसातल्या उरलेल्या चादरी

"वीस कशावरून, आई?" धाकटीने पेन्सिल वहीवर आपटली. "वीस कुठून आणलेस?"

"चाळीसचे निम्मे वीस. चुकलं का?"

"दोन संख्यांची बेरीज चाळीस आहे, एवढंच दिलंय. त्या सारख्या आहेत असं कुठे म्हटलंय? एक आहे क्ष. मग दुसरी कशी लिहायची?"

"एकीला किती मिळालं ते कळल्याशिवाय दुसरीला किती उरलं ते कसं सांगू?"

"सांगायचं नाहीये गं. नुसतं लिहायचंय."

आईने खोडरबर घेतला. त्या जागचा कागद आता इतका झिजला होता, की पलीकडची ओळ दिसत होती.

दवाखान्याच्या तळमजल्यावरची ही चादरींची खोली गेली एकोणीस वर्षं तिच्या हाताखाली होती. कोणत्या वॉर्डात किती चादरी गेल्या, धुलाईत किती अडकल्या, सगळं तिला तोंडपाठ. पण आता कागदोपत्री या खोलीला दहावी पास माणूस हवा होता. कचेरीने एक पोरगी हेरूनही ठेवली होती, आणि चादर चौघडी कशी घालायची ते त्या पोरीला शिकवायचं कामही हिच्याच गळ्यात आलं होतं. गणितात दोनदा नापास झालेली ही बाई आज तीन वाजता तिसऱ्यांदा पेपरला बसणार होती. यंदाही राहिलं, तर किल्ली त्या पोरीकडे.

"मागच्या वेळीही हेच केलंस," धाकटी म्हणाली. "जिथे बेरीज दिसेल तिथे निम्मं. डोकं फिरतं माझं."

"तुला चालायला शिकवताना दहा वेळा पडलीस. मी नव्हते ओरडले."

आईची निम्मं करायची खोड काही आजची नव्हती. दोन मुली वाढवायच्या म्हणजे पेन्सिलसुद्धा मधोमध मोडून द्यायची, रिबीन दाताने धरून बरोबर मध्यावर फाडायची. थोरली रडायला नको, धाकटी रुसायला नको. त्या हाताला आता एकीला जास्त, एकीला कमी हे लिहवतच नव्हतं.

दार ढकलून खालच्या वॉर्डातली सिस्टर आत आली. "मावशी, धुवून किती आल्या?"

"चाळीस."

"मग वीस मला द्या, वीस वर पाठवा. भांडण नको."

"वीस नाही मिळायच्या." मावशीचा आवाज बदलला. "वर भाजलेले पेशंट आहेत. त्यांच्या चादरी दिवसातून तीनदा बदलाव्या लागतात. आधी वरचे मागतील तेवढ्या त्यांना. चाळिसातून त्या गेल्या की उरतील त्या तुमच्या."

"पण म्हणजे किती?"

"वरून निरोप आल्याशिवाय कसं सांगू? उरतील त्या सगळ्या तुमच्या, एकही लपवून ठेवणार नाही. झालं?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार," म्हणत सिस्टर गेली.

धाकटीने वही हळूच आईपुढे सरकवली. "आत्ता सिस्टरला जे म्हणालीस ना, तेच लिही. वरच्यांनी नेल्या त्या क्ष."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग झिजलेल्या जागेच्या खाली, नव्या ओळीवर लिहिलं: ४० − क्ष. आणि पेन्सिल तशीच पुढे सरकू लागली. धाकटीने मनगट पकडलं.

"बास. इथेच थांबायचं."

"असं अर्धवट?"

"अर्धवट नाही. उत्तरच एवढं आहे."

"एवढ्यासाठी दोन वर्षं घालवली मी?" आई चिडून म्हणाली. तिने एप्रन काढला, चौघडी घातली, बाकीच्या गठ्ठ्यांच्या कडेला कड लावून फळीवर ठेवला आणि खोलीला कुलूप घातलं.

परीक्षेच्या वर्गात तिचा बाक शेवटचा होता. पुढे सगळी तिच्या मुलींच्या वयाची मुलं. तिसरा प्रश्न: दोन संख्यांची बेरीज पंच्याहत्तर. एक संख्या क्ष मानल्यास दुसरी क्षच्या रूपात लिहा.

तिने लिहिलं, ७५ − क्ष.

पुढची जागा कोरी होती. पेनाचं टोक त्या जागेवर टेकलं. पंच्याहत्तरचे निम्मे किती, हे डोक्यात कधीच होऊन गेलं होतं. तिने डावा हात उजव्या हातावर ठेवला, रस्ता ओलांडताना पोरीचा हात धरावा तसा, आणि घट्ट धरून बसली, ती जागा तशीच कोरी राहीपर्यंत.