वैभवीच्या नावाचा एक्सरे

हेमा ओट्यापाशी बीट किसत होती आणि मिहिका जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होती. हृदयाचा आजार? नो. मूत्रपिंडाचा? नो. कधी तुरुंगात? "अजून तरी नाही," असं म्हणून तिनं तिथंही नो केलं.

गेले चार दिवस दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या घरात दुसरा विषयच नव्हता. ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा. वर्षभर देश हिंडायचा आणि हिंडता हिंडता मिळेल ते काम करून पोट भरायचं. त्यासाठी सोडत निघते. मागच्या खेपेला मिहिकाचं नाव आलं नव्हतं, या खेपेला आलं. अर्ज महिनाभराच्या आत भरायचा होता, आणि ऑक्टोबरात तिला एकतीस पूर्ण होणार होती. त्यानंतर वयाची अट आड येणार. म्हणजे ही शेवटचीच संधी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेमा हबकली होती. "इंजिनिअर मुलगी परक्याच्या मळ्यात चेऱ्या तोडणार?"

"तासाचे किती देतात ऐकलंस का, मम्मा?"

हेमानं मनातल्या मनात त्याचे आधी दिरहम केले, मग रुपये केले, आणि ती गप्प बसली.

पण दुबई मरीनातल्या ऑफिसात सात वर्षं घालवलेल्या या मुलीचं एक वाक्य मात्र हेमाला दर वेळी टोचायचं. "जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली. मी आयुष्यात कधी कुठं राहिलेच नाही." असं म्हणताना मिहिका पुण्याचं ते एक वर्ष मोजायची नाही. हेमा मोजायची.

"टीबी कधी झाला होता का?" मिहिकानं वाचलं. "व्हॉट रबिश. नो."

"थांब," हेमा म्हणाली.

किसणी तिच्या बोटाला लागली होती. बीटाचा लाल रस कुठला आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं.

सोफ्यावर अरुण मोबाइलवर बातम्या बघत होता. त्यानं मान वर केली. "हेमा," तो म्हणाला. नुसतं नाव, पण पंचवीस वर्षांपूर्वी दुबईतल्याच करामा भागातल्या जुन्या घरात ज्या आवाजात त्यानं ते घेतलं होतं, त्याच आवाजात. तेव्हा त्याचा अर्थ होता, कुठं बोलू नकोस. आजही तोच होता.

"अहो, छातीचा एक्सरे काढायचाय तिला," हेमा म्हणाली. "त्यात डाग दिसला आणि इथं नाही लिहिलेलं असलं, तर खोटारडी ठरेल ती. पुन्हा कधी दारात उभं करणार नाहीत."

"नाही दिसणार. पंचवीस वर्षांत कुणी विचारलंय का? खलास झालेला विषय आहे तो."

मिहिका दोघांच्या तोंडाकडं पाहत होती. "कसला डाग?"

हेमानं बोट नळाखाली धरलं आणि पाठमोरीच राहून सांगून टाकलं. "तुला झाला होता. पाच वर्षांची होतीस. प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणायचे तेव्हा. म्हणजे लहान मुलांचा टीबीच."

मिहिका एकदम हसली, आणि आई हसत नाही हे बघून थांबली. "आय हॅड टीबी? आणि हे मला आत्ता कळतंय? तिसाव्या वर्षी? ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवरून?"

हेमा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. राजाभाऊंपासून करावी लागली. करामात राजाभाऊ त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. व्हिसाच्या नूतनीकरणाला त्यांच्या एक्सरेत टीबीचा डाग निघाला आणि आठ दिवसांत देश सोडावा लागला. त्यांच्या बायकोनं फ्रिज जिन्यातच विकला. हेमानंच घेतला होता तो, रडत रडत. ते होऊन दोन महिने झाले नाहीत तोच मिहिकाचा ताप उतरेना. मुलांना तो नियम लागू होता की नव्हता, हे विचारायचीसुद्धा छाती झाली नाही. विचारलं तर कळेल, कळलं तर अरुणची नोकरी जाईल. हेमाला धाकट्या तनिषच्या वेळचा सहावा महिना होता. सुट्टीला नेतो असं शाळेत सांगून मिहिकाला पुण्याला आजीकडं नेलं.

"औषधं नऊ महिने चालली. आजीनं एक दिवस चुकवला नाही."

मिहिकाची नजर ओट्यावरच्या बीटाच्या किसावर गेली. "माझी शू लाल व्हायची," ती हळूच म्हणाली. "आजी म्हणायची, बीट खाल्लंस ना, म्हणून."

"औषधानं व्हायची ती."

"मी बीट खाल्लेलंच नसायचं! मला वाटायचं, माझ्या पोटात काहीतरी फुटलंय आणि आजी मला फसवतेय." आजही ती बीटाला हात लावत नसे. हेमा त्याला नखरे म्हणायची.

"तुला मराठी यावं म्हणून पाठवलंय, असंच सगळ्यांना सांगितलं होतं," हेमा म्हणाली. "तुलाही."

"मराठी?" मिहिकाचा आवाज चिरकला. "मम्मा, मला वाटलं तनिष येणार होता म्हणून मला ठेवून दिलं. बॉय आला, आता हिची गरज नाही. दुपारी झोपले होते, उठले तर तू नव्हतीस. ट्वेंटी फाइव्ह इयर्स मी हेच समजतेय."

त्या वर्षी दर शुक्रवारी हेमा कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन लावायची. पलीकडून सासूबाई म्हणायच्या, "येत नाहीये गं बोलायला, खेळतीये." कार्डावरची मिनिटं संपत जायची. पोरगी रमली, असं समजून हेमा समाधानानं रडायची. पोरगी रुसली असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नाही.

अरुण उठून खिडकीपाशी गेला होता. "झालं ते झालं. टिक कर येस आणि कागद जोड. उपचार पूर्ण झाल्याचा डॉक्टरांचा कागद आहे आपल्याकडं. आहे ना?"

हेमा कपाटाकडं गेली. लॉकरमध्ये पासपोर्टांच्या खाली साड्यांच्या दुकानाची एक पिशवी होती. तिच्यातून तिनं मोठं पिवळं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं, पण हात त्याच्यावरून उचलला नाही.

मिहिकानं ते ओढून घेतलं. आतली काळी फिल्म तिनं दिव्यासमोर धरली. इवल्याशा बरगड्या दिसल्या. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. ते तिनं दोनदा वाचलं.

"हा वैभवीचा आहे."

वैभवी म्हणजे पुण्यातल्या दिराची मुलगी, मिहिकाहून वर्षानं मोठी.

"तुझाच आहे," हेमा म्हणाली. "पुढंमागं कुणी शोधत आलं तर तुझं नाव सापडू नये म्हणून केसपेपर तिच्या नावानं काढला. आजीनंच सुचवलं. तुमचे बाबा हो म्हणाले."

"ओ माय गॉड." मिहिका मटकन बसली. "म्हणजे मी टीबी झाला होता लिहिलं, तर बरा झाल्याचा पुरावा दुसऱ्याच मुलीचा? आणि नाही लिहिलं तर मी लायर?"

साऱ्या कुटुंबानं डोकी एक करून इतक्या काळजीनं लपवलेली गोष्ट आता खरी असून सिद्ध करता येत नव्हती.

फोन मिहिकानंच लावला. व्हिडिओवर वैभवी आली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता आणि मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सगळं ऐकून तिचा आ वासलेला तसाच राहिला.

"काकू! माझ्या नावावर टीबी? आणि माझं लग्न ठरताना सासरच्यांना सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे म्हणून!"

"तू ठणठणीतच होतीस गं," हेमा कळवळून म्हणाली. "चुकलं आमचं. तुझी आई तयार नव्हती. सासूबाईंपुढं तिचं चाललं नाही."

"आई अजून मला दर दिवाळीला म्हणते, एकदा छाती तपासून घे. मला कळायचंच नाही का ते." वैभवीनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिलाच आता खरं कुठलं आणि कागदावरचं कुठलं कळेनासं झालं असेल. बरं, काय लिहून देऊ? नोटरीकडं उद्याच जाते. मिहू, चेऱ्या पाठव मला. पेटीभर."

फोन ठेवून मिहिकानं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. अरुण म्हणाला, "बघ, अजूनही विचार कर. नो केलंस तर कदाचित—"

"बाबा, प्लीज. यल्ला, चला पुढं." तिनं येसवर टिचकी मारली. खाली तपशिलासाठी चौकोन उघडला. "मम्मा, सांग. कुठला महिना, कुठलं औषध, किती दिवस. सगळं सांग."

हेमा सांगत गेली. तिला सगळं पाठ होतं, गोळ्यांचे रंगसुद्धा.

पुढच्या आठवड्यात त्या दोघी तपासणीला गेल्या. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा मिहिकानं कानातले काढले, गळ्यातली साखळी काढली आणि सगळं हेमाच्या ओंजळीत ठेवलं. वैभवीचं नोटरीचं पत्र पोचलं होतं. रिपोर्ट परस्पर तिकडं जाणार होता. व्हिसा मिळेल की नाही, हे तिथं कुणीच सांगू शकत नव्हतं.

दारापर्यंत जाऊन मिहिका वळली. "वॉशरूमला वगैरे जायचं असेल तर आत्ता जाऊन ये."

"का गं?"

"मी बाहेर येईन तेव्हा तू याच खुर्चीत पाहिजेस."

हेमानं मूठ घट्ट मिटली आणि ती खुर्चीत मागं सरकून बसली.