क्रूसाहून वीतभर उंच

वर बघा. मनोऱ्याच्या टोकावर क्रूस दिसतोय ना? त्याच्या शेजारी, त्याच्याहून वीतभर उंच अशी जी तांब्याची सळई आहे, ती मी. पुस्तकात मला तडितरक्षक म्हणतात. डोकं आभाळात, पाय जमिनीत, आणि मधली भिंतीवरून उतरणारी लांबलचक पट्टी म्हणजे माझं अंग. वीज अंगावर घ्यायची आणि मुकाट जमिनीत सोडायची, एवढंच माझं काम. पण इथे आल्यापासून माझ्यावर वीज कमी आणि संशयच जास्त पडला.

मला विकत घ्यायला फादर स्वतः दुकानात आले होते. झगा अंगावर चढवण्याआधी ते पदार्थविज्ञान शिकले होते. दुकानदार मला कागदात गुंडाळता गुंडाळता डोळा बारीक करून म्हणाला, "काय फादर, वरच्यावर भरवसा नाही वाटतं?"

"आहे ना. म्हणून तर त्याचे नियम पाळतोय."

दुकानदाराने मान डोलावली, पण पटलं नव्हतं. पाठमोऱ्या झग्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

या चर्चमध्ये जुना समज होता, की आभाळ गडगडलं की घंटा वाजवायची, म्हणजे वीज लांब जाते. मी यायच्या आदल्या वर्षी घंटावाला असाच भर वादळात घंटा वाजवायला वर गेला आणि दोर हातात असतानाच विजेने गेला. त्याची जागा त्याच्या थोरल्या लेकीने घेतली. आणि फादरांनी मला आणलं.

मला बसवलं त्या दिवशी खाली सगळी मंडळी माना वर करून उभी होती. त्यांतल्या थोरल्या काकांनी पहिला खडा टाकला. "क्रूसापेक्षा उंच? शोभतं का हे?"

"उंच नसेल तर वीज क्रूसावरच पडेल, काका."

"आज सळई वर चढली. उद्या तुमची विज्ञानाची पुस्तकं वेदीवर चढतील."

फादर शांतपणे म्हणाले, "विजेला तिची चाल देवानंच दिली. ती ओळखून आपण वाट करून दिली, तर त्याचा अपमान कसला?"

तेव्हा मागून घंटावाल्याची बायको पुढे आली. सगळे तिला मावशी म्हणत. "मग माझ्या माणसाचं काय? तुमची वाट नव्हती म्हणून तो गेला म्हणायचा? देवानं बोलावून घेतलं, एवढ्या एका शब्दावर मी दिवस काढतेय, फादर."

फादरांनी तिला हाताला धरून घरी पोचवलं.

पुढे एका संध्याकाळी कुणीतरी माझ्या पायाशी वाकलं. डोक्यावरून शाल, हातात पाना. बोल्ट सैल झाला, पट्टी जमिनीपासून सुटली आणि वेलींमागे ढकलली गेली. माझी वाटच तोडली! अशा सळईवर वीज पडली, तर ती मनोऱ्यातच घुसणार.

माझा संशय सरळ काकांवर गेला. दर रविवारी ते माझ्याकडे टक लावून बघायचे. मी मनात म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं! नंतर कळलं, त्यांचा डोळा माझ्यावर नव्हताच. माझ्यावर बसणारी कबुतरं त्यांच्या कोटाची दशा करत, त्यांच्यावर ते दात ओठ खात असत.

मग एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. फादरांनी घंटावाल्याच्या लेकीला अडवलं, "वर जाऊ नकोस."

ती हसली. "आता सळई आहे की! तुम्हीच सांगितलंत ना, भीती नाही म्हणून?" आणि जिना चढून गेली.

पहिला टोल पडला आणि मावशी घरातून धावत सुटली. पायात चप्पल नाही, शाल कुठे उडाली तिचं भान नाही, हातात पाना. माझ्या पायाशी गुडघे टेकून ती वेली ओरबाडू लागली. "खाली ये गं! खाली ये!" घाईत बोल्ट बसेना. शेवटी बसला. तिने जीव खाऊन आवळला. फादरांनी तिला ओढून चर्चच्या आत घेतलं. टोल थांबले, लेक जिन्यावरून धडपडत खाली आली, आणि वीज माझ्यावर कोसळली.

माझं टोक वितळलं. बाकी सगळं जमिनीत गेलं. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

पाऊस ओसरल्यावर मावशी पायरीवर येऊन बसली. फादर शेजारी टेकले.

"पट्टी मीच सोडली होती," ती म्हणाली. "ही चालली असती, तर तो उगाच गेला असं झालं असतं." मग तिने विचारलं, "त्या दिवशी ही असती तर वाचला असता?"

"बहुतेक."

"आणि देवानं बोलावलं, ते?"

"बोलावलं नाही, मावशी. त्याला वर आपण पाठवलं. देवाच्या नावावर."

"मग देव कुठे होता तेव्हा?"

मला वाटलं, आता एखादं वचन पुढे करून सुटका करून घेतील. त्यांनी तसं केलं नाही. "ते मला प्रयोगशाळेत सापडलं नाही," ते म्हणाले, "आणि वेदीपुढे उभा राहतो, तरी धड सांगता येत नाही."

मावशी रडली. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती, असं लेक नंतर फादरांना सांगत होती.

आता वादळात घंटा वाजत नाही. काका मात्र सगळ्यांना सांगतात, लेकीने टोल दिले म्हणून चर्च वाचलं. फादरांचे पदार्थविज्ञानाच्या वर्गातले जुने मित्र म्हणतात, सळईचं काम, यात देवाचा काय संबंध? मला दोघांचाही संशय येतो. दोघेही फार खात्रीने बोलतात.

माझं टोक बोथट झालंय, अंग हिरवं पडलंय. एवढीच विनवणी आहे: कुणी गेलं की "देवाची इच्छा" म्हणण्याआधी जरा वाकून बघा, पट्टी जोडलेली होती का. आणि जोडलेली असूनही कुणी गेलं, तर मला विचारू नका. मी तांबं आहे. मला फक्त खाली जायची वाट माहीत आहे.