तव्याचं तोंड

“डॅड, तो निशाणाचा तवा तू कुठल्या अंगाने टांगला होतास?”

ब्रिनने विचारलं आणि शेडमधलं ग्राइंडर बंद पडलं. म्हणजे तिच्या डॅडने, व्हर्लिनने, ते बंद केलं. चेहऱ्यावरची काच मात्र त्याने वर केली नाही.

हा प्रश्न मुळात वर्गातल्या मॅरिटचा. दुपारी शाळेच्या जेवणघरात ब्रिन फुशारकी मारत होती, की या हिवाळ्यात आपण वेल्डिंग शिकलो, आपला टाका माशाच्या खवल्यांसारखा पडतो आणि डॅडला आपण काहीही विचारू शकतो.

“काहीही?” मॅरिट म्हणाली होती. “मग तव्याचं विचार. माझे डॅड म्हणतात, ट्रॅक्टरच्या कुळवाचा लोखंडी तवा फुगीर पोट नेमबाजाकडे करून टांगला, तर गोळीचे तुकडे बाजूला उडतात. खोलगट बाजू समोर आली, तर तो ते ओंजळीत धरून तुमच्याच अंगावर फेकतो.”

“माझा भाऊ अँडर्स स्वतःच नेमबाजीच्या रेघेपुढे सरकला होता. अख्ख्या गावाला माहितीये.”

“गावाला कुठे विचारायला सांगतेय? का, टरकली?”

म्हणून ब्रिनने विचारलं होतं. आता शेडमध्ये जळक्या लोखंडाचा वास होता आणि बाहेर मोंटानाचा वारा पत्र्यावर वाळू मारत होता.

“तो लोखंडी कोन धर,” डॅड म्हणाला.

तिने धरला. शनिवारी गावातल्या नेमबाजी क्लबच्या पोरांसाठी नवी निशाणं द्यायची होती. कडक पोलादाच्या जाड चकत्या, लोखंडी कोनांचे पाय, साखळ्या. प्रत्येक चकती वरून थोडी पुढे झुकलेली, म्हणजे गोळीचा चुरा खाली मातीत जाणार. व्हर्लिन झुकाव मोजायचा, पुसायचा, परत मोजायचा. सकाळपासून तेच चाललं होतं.

“अँडर्स जवळ उभा राहिला म्हणूनच त्याचा डोळा गेला ना?” ब्रिन म्हणाली. “मग तू हे एवढं झुकवतोस कशाला? पोरांना लांब उभं करायचं, झालं.”

व्हर्लिनने हातातली साखळी खाली ठेवली.

“खोलगट बाजूने गोड वाजायचा तो,” तो म्हणाला. “तुझी मॉम भांडी घासत असली ना, तरी खिडकीतून ऐकायची. म्हणायची, आज पोराचा नेम चांगला लागतोय. पोटाकडून नुसता खट्ट करायचा.”

“आणि अँडर्स?”

“रेघेच्या मागे होता. रेघ मीच ओढली होती.”

ब्रिनच्या हातातला कोन निसटून जमिनीवर पडला. त्याने तो उचलायला सांगितलं नाही.

“दवाखान्यात शेरिफने विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तुझा भाऊ पट्टीखालून म्हणाला, मीच पुढे गेलो. मला वाटलं, उद्या सांगू खरं.” त्याने काच वर केली. डोळे लाल होते, पण ठिणग्यांपुढे ते नेहमीच लाल असायचे. “मग गावात तेच पक्कं झालं.”

तेच पक्कं झालं. ब्रिनला ते किती पक्कं झालंय ते ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात अँडर्सने क्लबला विचारलं होतं, लहान पोरांना मी शिकवू का. क्लबवाले गोड हसून म्हणाले होते, बेफाम माणसाच्या हाती पोरं कशी द्यायची. तेव्हापासून तो धान्याच्या कोठारावर रात्रपाळी करतो आणि उजेडात फारसा दिसत नाही.

मॅरिटने दिलेलं आव्हान तिने पुरं केलं होतं. पण मॅरिटला जाऊन सांगावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

जेवायला हरणाच्या खिम्याचा वडा आणि बटाटे होते. अँडर्सची थाळी चंदेरी कागदाखाली झाकून ठेवलेली. मॉमने प्रार्थना उरकली, बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं.

“काय गं, एवढी गप्प? शाळेत भांडलीस?”

“मॉम, तव्याचा आवाज आठवतो तुला?”

मॉमचा हात भांड्यावर थबकला. “आठवायला काय झालं. घंटेसारखा होता.” मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काट्याने बटाटा कुस्करत होता, नुसताच कुस्करत. बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. “व्हर्लिन,” ती हळूच म्हणाली, “पोटाकडून तसा वाजत नाही ना रे?”

व्हर्लिनने बटाटा कुस्करणं थांबवलं. वारा दाराला धडका देत होता.

ब्रिनने काटा खाली ठेवला.

“शनिवारी निशाणं घेऊन मीही येणार. पोरांना सांगणार, ही चकती अशी झुकलेली का आहे. आमच्या घरचा तवा उलटा टांगला होता आणि माझा भाऊ रेघेच्या मागे होता, हे सांगणार. डॅड, माझ्या आधी तू सांगितलंस तर मी गप्प बसेन. नाहीतर मी बोलणार. माझं ठरलंय.”