कर्त्याचा हात

बबनराव गव्हाणे यांच्या घरी संडास नव्हता असं नाही. चांगले दोन होते. एक मागच्या अंगणात, सरकारी अनुदानातून बांधलेला, त्यात कांद्याच्या गोण्या आणि फवारणीचा पंप राहत असे. दुसरा घरात, उकिडवं बसायचा. तिथून उठताना बबनरावांच्या पत्नी सोजराबाई गेली दोन वर्षं भिंतीतल्या नळाला धरत होत्या. नळ तिसऱ्यांदा हातात आला तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की नळ कच्चा नाही, बाईचे गुडघे गेलेत.

दौंडला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या प्रगती मॅडमनी सुनेला, म्हणजे प्रतिभाला, बाजूला घेऊन सांगितलं, "घरी कमोड बसवून घ्या. बसायची उंची अठरा इंच. त्याहून खाली बसल्या तर एकट्यानं उठता येणार नाही." आणि औषधांच्या कागदामागं '१८ इंच' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. सोजराबाई पलंगावरून ऐकत होत्या. प्रतिभाचा हात धरून म्हणाल्या, "मला तिथं कुणी धरून न्यायला लागू नये. तेवढं बघ. बाकी तुमी कायबी बसवा."

बाकी कायबी बसवायचं काम बबनरावांनी स्वतःकडं घेतलं.

बबनराव दूध संस्थेचे माजी संचालक. संस्था बंद पडून अकरा वर्षं झाली, पण माजी संचालकपद बंद पडायची सोय कायद्यात नाही. घोड नदीकाठच्या आमच्या भागात, इनामगावला, हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. त्या लोकांची घरं, चुली, मडकी, सगळ्याचा अभ्यास झाला. पण त्यांचा कमोड कुठल्या उंचीचा होता हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळं त्यांच्याबद्दल आजही आदर टिकून आहे.

शिरूरच्या शोरूममध्ये बबनराव सुनेला घेऊन गेले. तिथं बावीस कमोड ओळीनं मांडले होते. त्यांतल्या एकावरही बबनराव बसले नाहीत, कारण चारचौघांत बसणं बरं दिसत नाही. त्यांनी वाकून प्रत्येकावर बोटानं टिचकी मारली आणि कान लावला, माठ घेताना मारतात तशी. मग एकाचं झाकण वर करून सोडलं. ते आवाज न करता हळूहळू खाली आलं. बबनरावांनी ते पुन्हा सोडलं. असं सहा वेळा झालं.

प्रतिभानं पर्समधून टेप काढली.

"टेप आत ठिव," बबनराव म्हणाले. "लोकं बघत्यात. काय ब्लाउज शिवायचाय का?"

"मामा, अठरा इंच बघायला सांगितलंय."

"इंच गरिबानं बघायचं. आपण वस्तू बघायची."

वस्तू ते घरूनच ठरवून आले होते. कुरकुंभच्या व्याह्यांकडं, म्हणजे मुलीच्या सासरी, कमोड होता, पण तो जमिनीवर टेकलेला. म्हणून बबनरावांना भिंतीला टांगलेला, अधांतरी हवा होता. आजारी माणसाला बघायला व्याही येणारच, आणि आले की त्यांना आत जायची गरज भासेपर्यंत चहा पाजणं बबनरावांच्या हातात होतं. शोरूमवाल्यानं माल बांधता बांधता एक वाक्य टाकलं, "भिंतीवरच्याची उंची तुम्ही म्हणाल तिथं बसते." त्या दिवसातलं कामाचं वाक्य तेवढंच. ते प्रतिभानं ऐकलं. बबनराव झाकण बघत होते.

एवढ्यावर काम सुरू व्हायला हरकत नव्हती. पण बबनरावांनी दौंडहून वास्तूवाले पाटसकर सर बोलावले. पाटसकर सरांनी अडतीस वर्षं रेल्वेत हरवलेल्या सामानाच्या खिडकीत काढली होती. निवृत्तीनंतर त्यांना दिशा सापडल्या. मोबाइलमधलं होकायंत्र हातावर धरून ते संडासात चार वेळा गोल फिरले. दुर्दैवानं कमोडची जागा आधीच बरोबर होती, कारण पाइप तिथंच होता. एवढ्या लांबून येऊन 'बरोबर आहे' असं सांगून परत जाणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. सर थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"दिशा ठीक आहे. प्रश्न उंचीचा आहे," ते म्हणाले. "बैठक कर्त्याच्या एक हात उंचीची पाहिजे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत."

"एक हात म्हणजे अठरा इंचच ना, सर?" प्रतिभा पटकन म्हणाली.

"सर्वसाधारण हात अठराच. पण आपण सर्वसाधारण वास्तू करत नाही. ज्याची वास्तू, त्याचा हात."

बबनरावांनी बाही वर सारली. इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी गावात कुणी बोलत नाही. बबनराव पाच फूट एक इंच आहेत. सोजराबाई पाच फूट सात. बेचाळीस वर्षं त्या नवऱ्याशेजारी उभं राहायची वेळ आली की गुडघ्यात जरा वाकतात, आणि गावही समजूतदारपणानं दुसरीकडं बघतं. गुडघे नुसते वयानं गेले असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी त्यांना फोटोत बघितलेलं नाही.

दत्ता प्लंबरनं टेप लावली. "साडेपंधरा, आप्पा."

"नीट धर."

"नीटच धरलीय. हात तेवढाच हाय."

"मामा, बसायचं आत्यांना आहे," प्रतिभा म्हणाली.

"घर कुणाचंय?"

"आपलं."

"मग. उद्या ती बरी हुईल, कमोड जागेवर ऱ्हाईल. आन् पाय टेकाया नकोत व्हय माणसाचं?"

पाय कुणाचे, हे त्यांनी सांगितलं नाही. प्रतिभानं कागदावरचे अठरा आणि टेपवरचे साडेपंधरा, दोन्हींचे फोटो नवऱ्याला पाठवले. रविराज रांजणगावच्या कंपनीत शिफ्टवर होता. त्यानं दोन्ही फोटोंना अंगठा दिला. घरातला वाद मिटवायची त्याची ही रीत कंपनीत शिकलेली आहे; तिथं त्याला लवकरच बढती मिळणार असं म्हणतात.

दत्तानं विचारलं, "सीट धरून साडेपंधरा का सीट सोडून?"

पाटसकर सरांनी शास्त्राचा विचार केला. "धरून."

बोल्ट बसले, टाइल लागल्या, कमोडला हळदकुंकू वाहिलं गेलं. शुक्रवारी सोजराबाई घरी आल्या. शनिवारी सकाळी वॉकर ढकलत एकट्याच आत गेल्या. बसल्या. खूप खाली गेल्यासारखं वाटलं त्यांना, पण बसल्या. मग उठता येईना.

हाक मारायला त्यांनी अर्धा तास घेतला. प्रतिभा आत गेली, काखेत हात घालून ओढलं, पण एवढी उंच बाई एकटीला उचलेना. मग बबनरावांना बोलवावं लागलं. त्यांनी दारात उभं राहून मार्गदर्शन केलं.

"जोर लाव. जोरच लावत न्हाईस तू."

"तुमी भायेर व्हा," सोजराबाई म्हणाल्या. बेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला दिलेला हा पहिला हुकूम असावा. शेवटी शेजारच्या गीताबाई आल्या आणि दोघींनी मिळून त्यांना उभं केलं. सोजराबाई भिंतीकडं तोंड करून लुगडं सावरत राहिल्या, बराच वेळ, सावरायचं काही उरलं नव्हतं तरी.

त्या दुपारपासून त्यांनी पाणी सोडलं. गोळी एका घोटात गिळायच्या. चहा 'नको, तोंड कडू झालंय.' भाकरी चतकोर. रविवारीही तेच. बबनरावांना वाटलं, ऑपरेशननं भूक मेली. प्रतिभाला मात्र पलंगाखाली भरलेला तांब्या तसाच दिसला.

"आत्या, पाणी का पित नाही?"

"प्यालं की जावं लागतं."

प्रतिभा बी.कॉम. आहे आणि माहेर दौंडचं, म्हणजे पाटसकर सरांच्याच गावचं. माणूस कशानं हलतो ते तिला ठाऊक होतं. गुडघा, तब्येत, डॉक्टर, हे सगळं तिनं सोडून दिलं. सोमवारी सकाळी ती ग्रामपंचायतीत जाऊन आली, बबनरावांसमोर बसली आणि सरांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"सर, कर्ता म्हणजे नेमका कोण धरायचा?"

"ज्याच्या नावावर वास्तू, तो कर्ता. कागदोपत्री."

"मग आमच्या घराचा उतारा आहे माझ्या हातात. वाचू? मालक, सोजराबाई बबन गव्हाणे."

बबनरावांच्या आधीच्या घराला संडासाचं अनुदान एकदा मिळून गेलं होतं. दुसऱ्यांदा मिळावं म्हणून त्यांनी नवं घर बायकोच्या नावावर केलं होतं. संचालकाचं डोकं.

मग सर म्हणाले, "तरीच. मला त्या दिवशी तिथं काहीतरी खटकत होतं. ताबडतोब बदलून घ्या. मोठा दोष आहे."

"आन् मंग मी कोण?" बबनराव फोनकडं वाकून म्हणाले.

"आपण," सर शब्द शोधत होते, "आपण तिथं वास्तव्याला आहात."

दत्ता दुपारी आला. सोजराबाईंनी पलंगावर बसून हात पुढं केला. बांगड्या मागं सारून त्यानं टेप लावली.

"पावणेअठरा."

"आत्या, बोटं ताणा," प्रतिभा म्हणाली.

"ताणलीत की."

"अजून ताणा."

"बसतंय अठरात," दत्ता म्हणाला आणि टेपवरचा अंगठा थोडा सरकवला. त्याच्या आईचे पण गुडघे गेलेले होते.

संध्याकाळपर्यंत भिंत फुटली, कमोड वर चढला. त्याच नक्षीच्या टाइल शिरूरला उरल्या नव्हत्या, म्हणून खाली बदामी रंगाची पट्टी आली. बबनराव त्या पट्टीकडं बघत उभे राहिले. व्याह्यांना ती डिझाइन म्हणून सांगता येईल का, याचा अंदाज घेत. मग सिमेंट ओलं असतानाच दार लावून त्यांनी बसून बघितलं. बाहेर आले आणि चपला घालताना पाय दोन-तीनदा जमिनीवर दाबून बघितले.

सिमेंट वाळायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबावं लागलं. मग सोजराबाई आधी तांब्याभर पाणी प्यायल्या, सावकाश, श्वास घेत घेत. वरून चहा मागितला. अर्ध्या तासानं वॉकर घेऊन निघाल्या. प्रतिभा मागं चालायला लागली तर म्हणाल्या, "तू भाजी बघ."

आतून कडी लागली.

दहा मिनिटं झाली. बबनराव ओट्यावरून उठून दारापाशी आले. बोटानं टिचकी मारली.

"अडकली का? बोलवू का कुणाला?"

"न्हाई," आतून आवाज आला. "उठून बघितलं दोनदा. येतंय उठता."

"मंग ये की भायेर."

"बसलीय जरा."