हळदीचा गंज

नेकनूरच्या आसपास आप्पाराव मिस्त्रींनी बांधलेल्या भिंती मोजायला बसलं तर दिवस मावळेल, आणि त्यांतली एकही आजवर त्यांच्यावर उलटली नव्हती. उलटली ती नेमकी घरची, तळघराची. लेकीला, म्हणजे अंजूला, गावातल्या पोरींसाठी अभ्यासिका काढायची होती. उन्हाळ्यातही थंड राहील अशी जागा हवी म्हणून मिस्त्रींनी स्वतः उन्हात उभं राहून तळघराचं काँक्रीट ओतून घेतलं होतं. दसऱ्याला अभ्यासिका उघडायची, असं साऱ्या गावाला सांगून झालं, आणि पोळ्याच्या सुमाराला ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीला भेग पडली.

कारण सरळ होतं. घरामागच्या नाल्याचं खोलीकरण झालं होतं आणि यंदा पाऊसही अगदी मनावर घेऊन पडला होता. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि तिनं भिंतीला खांदा लावला. वर केसाएवढी असलेली भेग खाली बोटभर रुंद झाली होती, आणि तिथून पाण्याची बारीक धार उतरत होती.

ती धार पाहून आप्पारावांना भर पंगतीत कुणी पानावरून उठवल्यासारखं झालं. त्यांची बायको सत्यभामा मागोमाग दिवा घेऊन उतरली होती. तिनं ती धार पाहिली आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

तिचाही इलाज नव्हता. तिचं माहेर गेवराईच्या अंगाला, कायमचं तहानलेलं गाव. लहानपणी ती अंगानं बारीक म्हणून तिला कमरेला दोर बांधून आडात सोडायचे, आणि ती तळाशी बसून वाटीनं पाणी खरवडून घागर भरायची. वर यायची तेव्हा नखांत चिखल आणि डोळ्यांपुढं तारे चमकल्यासारखी भोवळ. त्या बाईच्या घरात, तेही ईशान्येला, पाणी आपल्या पायानं चालत आलं होतं.

"झरा हाय ह्यो," ती हरखून म्हणाली.

"झरा न्हाई, गळती हाय," आप्पाराव गुरगुरले. "उद्या बुजवून टाकतो."

त्यांनी बुजवलीसुद्धा, आणि मन लावून बुजवली. छन्नीनं भेग उघडून आत रुंद खाच केली, तारेच्या ब्रशनं भुगा झाडला, जागा ओली केली. मग लवकर धरणारं सिमेंट मूठभर कालवून त्याचा गोळा तळहातावर धरून बसले. गोळा हाताला गरम लागायला लागला की तो खाचेत दाबायचा आणि अंगठा हलवायचा नाही. सत्यभामा पायरीवर बसून ते बघत होती. नवऱ्याचं काम बघायला तिला लग्नापासून आवडायचं. तसं तोंडावर म्हणायची नाही, एवढंच.

पण दुपारी मिस्त्री ओसरीवर घोरायला लागले की तिचा जीव खालीवर व्हायचा. पाणी भिंतीमागं येऊन थांबलंय आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावलंय, हे तिला सहन होईना. शेवटी तिनं पोती शिवायचा दाभण घेतला, खाली गेली आणि सिमेंटच्या बुडाशी टोकरत बसली. सिमेंट दाद देईना. दाभण वाकला, बोट सोलटलं, घाम फुटला, तेव्हा कुठं सुईएवढं भोक पडलं आणि थेंब आला. तिनं खाली चरवी लावली. ते पाणी मोगऱ्याला गेलं, कोंबड्यांना गेलं, आणि चार दिवस सत्यभामेचा चेहरा नव्या नवरीसारखा खुलला.

आप्पारावांना वाटलं, माल कमी पडला. त्यांनी पुन्हा खाच केली, पुन्हा भरली. दोन दुपारी गेल्या की पुन्हा ओल. मग त्यांना वाटलं, आपण घाई केली. तिसऱ्या खेपेला ते नुसते आपल्या हातांकडं बघत बसले. सत्यभामेनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, दसरा झाला की सांगून टाकू. दसऱ्यापर्यंत काय बिघडतंय?

बिघडलं ते घटस्थापनेला. दारात बोअरला पाणी लागलं तर माणूस नारळ फोडतो, आणि घरातल्या झऱ्याला साधं हळदकुंकू नाही, हे तिला कसंसंच वाटलं. सकाळी घट बसवून झाल्यावर ती खाली उतरली आणि भेगेला बोटं लावून आली. ओल्या सिमेंटला लागल्यावर हळद काही पिवळी राहत नाही. चुन्यात पडल्यासारखी ती लालबुंद झाली, पाण्याबरोबर उतरली, आणि भिंतीवर हातभर लांबीचे तांबडे ओघळ सुकले.

दुपारी आप्पाराव बॅटरी घेऊन खाली गेले ते लवकर वर आलेच नाहीत. ती बघायला गेली, तर ते पालथ्या घमेल्यावर बसलेले.

"सळई गंजली," ते म्हणाले. "आतून गंज उतरायलाय. सळईवर काँक्रीट पातळ पडलं आसंल. माझ्या डोळ्यादेखत पडलं आन् मला दिसलं न्हाई."

गंज म्हणजे भिंतीचा दुर्धर आजार, हे मिस्त्रीच्या बायकोला सांगावं लागत नाही. सत्यभामेनं बोलायला तोंड उघडलं, पण एवढ्या दिवसांचं पाप एकदम ओठांवर येईना. ते तिच्याशेजारून जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी नाथा आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता बीडला बांधकामं घेणारा. आप्पारावांनी त्याला अंगणात बसवलं आणि पिशवी पुढं ठेवली. आत थापी, ओळंबा, छन्नी, रंधा, सगळं पुसून तेल लावलेलं. थापीच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता.

"हे तू घेऊन जा. माणसं आण आन् ती भिंत फोडून नवी घाल. आजपातूर मी पोरगी शिकवली, घर केलं, सगळं ह्या हातावर. आता हात गेले, नाथा."

नाथा पिशवीला हात लावेना. आत भाकरी थापणाऱ्या सत्यभामेची भाकरी तव्यावर काळी पडली. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"गंज न्हाई तो," ती म्हणाली. "माझी हळद हाय."

आप्पारावांनी तिच्याकडं मायेनं पाहिलं, आणि तेच तिला जास्त लागलं. "माझं मन राखायला बोलायलीस व्हय?"

"मन राखायला? उठा. नाथा, तूबी ऊठ."

तिनं करंडा घेतला, दोघांना तळघरात नेलं आणि भेगेशेजारच्या ओल्या सिमेंटवर चिमूटभर हळद चोळली. तिघं बघत असताना ती लाल झाली आणि तांबडा ओघळ खाली उतरला, कालच्या शेजारी, अगदी कालच्यासारखा. मग तिनं कोनाड्यातून दाभण काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. तो विळ्यासारखा वाकला होता.

"आन् भेग उघडत न्हवती. मी उघडत होते, तुमी निजल्यावर. तुमच्या सिमिटानं काय हाल केलेत त्येचे, बघा. बोटं सोलटून घेतली मी माझी. हात गेले म्हणं!"

आप्पारावांनी दाभण सरळ करून पाहिला. होईना. मग ते भेगेपाशी वाकले, बुडाचं ते सुईएवढं भोक नखानं चाचपलं, आणि त्याच्या भोवतीचं सिमेंट कडाकडा वाजवून पाहिलं. घंटेसारखं वाजलं.

नाथाला हसू फुटलं. मिस्त्रींनी डोळे वटारताच त्यानं ते गिळलं.

"कावून केलंस आसं?" आप्पारावांचा आवाज चढला. "मला रातीला झोप न्हवती. मला वाटलं, माझी भिंत पोरींच्या अंगावर पडंल."

"चुकले मी," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "पर आडाच्या तळाला बसून वाटीनं पाणी खरवडलंय मी. आलेलं पाणी परतवून लावायला माझं मन धजलं न्हाई. तुमच्या हातांचं आसं व्हईल, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

आप्पारावांना राग आला होता, हे खरं. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी तिला कधी आडाबद्दल विचारलं नव्हतं, हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. मग त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "अंजू, अंगणातली माझी पिशवी आण खाली! नाथा, ड्रिल हाय का गाडीत?"

भेगेच्या बुडाशी त्यांनी नळीचा तुकडा बसवला, म्हणजे भिंतीमागचं पाणी तिथून वाट काढेल आणि वरचा भाग कोरडा राहील. मग वरून खालपर्यंत भेग भरत आणली, प्रत्येक गोळा तळहातावर गरम होईपर्यंत धरून. शेवटचा गोळा नळीभोवती दाबून त्यांनी अंगठा धरला तो सत्यभामेला ओरडावं लागेपर्यंत काढला नाही. नळीच्या टोकाला तोटी लावली आणि खाली तिची चरवी स्वतः ठेवली.

"अभ्यासिकेत कोंबड्यांचं पाणी?" अंजूनं कपाळावर हात मारला.

"पोरी हातपाय धुतील," आप्पाराव म्हणाले. "आन् तोटी तुझ्या मायच्या हुकमात. कुणी हात लावायचा न्हाई."

खंडेनवमीपर्यंत भिंत खडखडीत वाळली. त्या सकाळी आप्पारावांनी रीतीप्रमाणं पाटावर हत्यारं मांडली आणि सत्यभामा करंडा घेऊन आली. तिनं थापीला हळदकुंकू वाहिलं, ओळंब्याला वाहिलं, छन्नीला वाहिलं. पाटाच्या कडेला तो वाकडा दाभण ठेवला होता, तेल लावून.

"ह्यो इथं कावून?"

"माझ्या कामाची परीक्षा त्यानंच घेतली की. वाहा त्येलाबी."

तिनं दाभणाला बोट लावलं. मग बोटावर उरलेलं हळदकुंकू तिनं नवऱ्याचा उजवा हात ओढून त्याच्या अंगठ्याला लावलं, आणि पदर पुढं घेऊन त्या हाताच्या पाया पडली.