बेवारस कोठा

कॅमेरा घेऊन पांदनीनं कोनी आलं, की आमच्या गावात दोनच अर्थ निघतात. रस्ता मोठा होनार, नाई तं अनुदान येनार. तिसरा अर्थ आजपर्यंत कोनी आनलाच नव्हता, म्हनून माह्या हातून झालं ते झालं. मले नावं ठेवू नका.

तो पोरगा अमरावतीचा. ईशान त्याचं नाव, हे मले मांगून समजलं. तवा दिसला तो फक्त गळ्यातला कॅमेरा अन् पायातले महागाचे बूट. दिवस कलता वलगावकडून मोटारसायकलवर आला, पांदनीत गाडी लावली अन् आमच्या कोठ्यासमोर इकडून पाह्य, तिकडून पाह्य करू लागला. कोठा म्हंजे ढोरं बांधाची जागा. आता ढोरं नाईत. शेवटचा बैल लखन्या म्हातारा होऊन मेला, त्याले दोन पोळे झाले. छपराचे कवेलू घसरले, एका अंगाची भिंत पोट काढून उभी, दाराचा एक पल्ला गायब.

म्या पाह्यलं अन् समजून गेली. पंचनामा! गोठ्याचं अनुदान! पदर सारखा केला अन् टोंगळे दुखत होते तरी धावत गेली.

"साहेब, चांगला फोटो घ्या. साफ पडीक हाय."

"हो का? इथं कोणीच येत नाही?"

"कोन येते बाप्पा! कुत्रं बी येत नाई. बेवारस समजा."

"आणि मालक?"

"मालकाचं काय घेऊन बसले! बैल गेला तवापासून त्यायनं इकडं ढुंकून पाह्यलं नाई."

तो लय खुश झाला. एवढा खुश होनारा साहेब मी पहिल्यांदाच पाहून राहिली होती. म्या त्याले चहा पाजला. जाताना त्यानं माहा नंबर घेतला, पन सही कुठंच घेतली नाई. तिथंच मले शंका यायले पायजे होती.

आता कोठा पडीक असन्यात माहा काय फायदा, ते सांगतो. मले त्या जागेवर चक्की टाकाची होती. बचत गटातून मशीन मंजूर झालं होतं. गावात चक्की नाई, बाया दळन डोक्यावर घेऊन वलगावले जातात, अन् कोठा नेमका रस्त्याले लागून. सारा जलम दुसऱ्याच्या वावरात निंदन केलं, आता आपलं काही असावं, एवढीच माही हौस. पोरगा अश्विन नांदगाव पेठेले कापडाच्या कंपनीत जाते. तो म्हने, आई, पाडून टाक. मंग बुढ्याले, म्हंजे माह्या नवऱ्याले, इचारलं. आमचा बुढा म्हंजे तोंडातून शब्द काढाले पक्कड लागते असा मानूस. म्हने, "पाड." अन् दुपट्टा खांद्यावर टाकून निघाला. "मोटर पाहून येतो."

हे रोजचंच होतं. दिवस कलला का बुढा वावरातली मोटर पाहाले जाये, अन् लवकर वापस येत नसे. अशी काय मोटर ते! मले वाटे, पारावर पत्ते खेळून राहिला असन. खेळू दे म्हनलं. लखन्या गेल्यापासून मानूस पार उतरून गेला होता.

पिंटूच्या जेसीबीले म्या शुक्रवार सांगितला. अन् बुधवारी ईशानचा फोन आला. "काकू, तुमच्या गोठ्याचा फोटो प्रदर्शनात लागलाय. बघायला या."

तवा समजलं, हा साहेब गिहेब काही नाई. पडके कोठे हुडकत अकोल्यापासून धामनगाव रेल्वेपर्यंत गावोगाव हिंडते अन् त्याचे फोटो काढते. अनुदान गेलं खड्ड्यात. म्या फोनवरच त्याले म्हनलं, माहा चहा वापस दे.

तरी गेली, अश्विनच्या गाडीवर मांगं बसून, नवं लुगडं नेसून. आपला कोठा अमरावतीत लागते अन् आपनच पाहू नये का?

हॉल थंडगार. भिंतीवर सारे पडके कोठे अन् त्यायच्यासमोर चांगल्या घरचे लोक हळू आवाजात 'वा, वा' करून राहिले. हे कोठे धड होते तवा कोनी एक 'वा' केला नाई. आमचा कोठा दारायेवढा मोठा लावला होता. खाली पाटी. 'बेवारस. वलगाव परिसर.' माहाच शब्द. मले बरंच वाटलं, खोटं काहून बोलू.

मंग जवळ जाऊन पाह्यलं. पल्ला नाई त्या बाजूनं आतला अंधार दिसे, अन् अंधारात गव्हानीपाशी काहीतरी पांढरं.

"हे काय हाय?"

ईशाननं चष्मा वर केला. "ते? चुन्याचं पोतं असेल, काकू."

अश्विननं मोबाईलवर त्या जागेचा फोटो काढला अन् बोटानं मोठा केला. दुपट्टा. दुपट्ट्याखाली खांदा. मांडीवर लखन्याची घुंगरमाळ, अन् ती पुसून राहिलेले हात. ते हात मी कुठं बी ओळखन.

मी बाहेर उभी राहून कुत्रं बी येत नाई म्हनत होती, अन् मालक आत बसून आयकत होता.

"पोतं नाई ते," म्या म्हनलं. "माहा नवरा हाय."

बाजूचे लोक हळूच सरकले. ईशानचं तोंड उतरलं. "पण काकू, तुम्हीच तर म्हणालात..."

"हाव, म्याच म्हनलं. आता मीच म्हनतो, पाटी काढ. मानूस आत बसला हाय अन् खाली बेवारस लिहते!"

"मग काय लिहू?"

लग्नातल्या उखान्यानंतर म्या नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाई. रेशनच्या दुकानात बी अश्विनले पुढं करतो. पन तिथं सारे पाहून राहिले होते, अन् मले राग बी लय आला होता. कोनावर, ते समजत नव्हतं.

"लिह," म्हनलं, "पुंजाजी."

घरी पोचली तवा दिवस कलला होता. बुढा अंगनात दुपट्टा झटकून राहिला होता. "मोटर पाहून येतो."

"थांबा. त्या दिवशी म्या त्या फोटोवाल्याले जे सांगितलं, ते आयकलं तुमी?"

बुढ्यानं दुपट्टा पुन्हा झटकला. "हाव."

"मंग बाहेर काहून नाई आले?"

"तू साहेबाले सांगून राहिली होती, इथं कोनी येत नाई. मी निघालो असतो तं तू खोटी पडली असती."

"अन् पाड काहून म्हनले?"

"तुले चक्की पायजे ना."

मले रडूच आलं. बैल गेला अन् झोपा केला म्हनतात. ह्या मानसानं बैल गेल्यावर कोठ्याचा झोपा राखला, अन् मी चहा पाजून तो बेवारस करून बसली.

पिंटूले फोन लावला, शुक्रवारी जेसीबी आनू नको म्हनून. चक्की घरामांगं बाभळीखाली बसन. बायायले दोन पावलं जास्त पडतीन, पडू दे.

मंग बुढ्याले म्हनलं, "जा, मोटर पाहून या. अन् येताना ती घुंगरमाळ घरी आना, चिंच लावून घासून देतो. नुसत्या दुपट्ट्यानं पितळ साफ निघत नसते."