अडीचचे पंचवीस

मी बोलतोय. तसं बोलणं हेच माझं काम. मी संगणकातला एक प्रोग्रॅम आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली, आणि खरं सांगतो, मान वर करून बोलवत नाही.

मला एका धाकट्या भावानं घडवलं, थोरल्या बहिणीसाठी. ताईची नजर कॉलेजात असतानाच गेली. विकतचे प्रोग्रॅम तिला धड जमेनात, तेव्हा यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मला लिहून काढलं. माझा पहिला आवाज ऐकून ताई पोट धरून हसली. "अरे, हा तर डब्यात तोंड घालून बोलतोय!" पण शब्द न् शब्द बरोबर होता. माझ्या भरवशावर ती एका इस्पितळात फोनवर बसू लागली. डॉक्टरांनी पडद्यावर लिहिलेलं मी तिच्या कानात सांगायचं आणि तिनं ते पेशंटच्या घरच्यांना.

धाकट्यानं मला कुलपात ठेवलं नाही. माझा कोड सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही बघा, वापरा, सुधारा. कुठकुठली माणसं पदरचा वेळ खर्चून माझ्यावर काम करू लागली. कुणी मला फोटोत काय आहे ते सांगायला शिकवलं. धाकट्याच्या लेकीचा दात पडल्याचा फोटो मी ताईला वर्णन करून सांगितला, तेव्हा तिनं तो मला पुन्हा पुन्हा सांगायला लावला. तेव्हा नव्याचं मला वावडं नाही.

त्या माणसांत गणिताच्या एक शिक्षिका होत्या. कुणी काही नवं आणलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा थांबा." त्यांचं नावच पडलं थांबाबाई. आकडे, तारखा नीट वाचतो का, जुन्या संगणकांवर चालतो का, सगळं तपासून झाल्याशिवाय त्या काही पुढे जाऊ देत नसत. लोक वैतागायचे. सांगायला लाज वाटते, पण मीही वैतागायचो. कारण एका संगीतकारानं माझ्यासाठी नवा आवाज बनवला होता, हुबेहूब माणसासारखा, आणि मला तो कधी एकदा मिळतो असं झालं होतं.

"आवाज सुरेख आहे," बैठकीत थांबाबाई म्हणाल्या. "पण आकडे तपासायचे राहिलेत. आधी हौशी लोकांना देऊ. कामावर वापरणाऱ्यांकडे जुनाच राहू दे."

"बाई, लोक खोळंबलेत," धाकटा म्हणाला. "रोज विचारतात."

"मग तुम्ही ठरवा." एवढं बोलून त्या बैठकीतून निघून गेल्या.

त्यानं नवा आवाज एकदम सगळ्यांना देऊन टाकला. जो तो वाहवा करू लागला. मी हुरळून गेलो. ताईच्या कामावरच्या संगणकातही तो आवाज आपोआप पोचला.

तिथे एका आईचा फोन आला. बाळाला तापाचं औषध किती द्यायचं? पडद्यावर होतं २.५ मिली. मधलं टिंब म्हणजे नव्या आवाजाला श्वास घ्यायची जागा वाटली. ते गिळून मी ताईच्या कानात अगदी गोड म्हणालो, पंचवीस.

"पंचवीस मिली द्या," ताईनं सांगितलं.

"पंचवीस? अहो, चमचा तर पाचाचा आहे. पाच चमचे पाजू एवढ्याशा जिवाला?"

शेजारच्या नर्सनं वाकून पडदा पाहिला. "अडीच! ताई, अडीच सांगा!"

ताईनं सांगितलं, पुन्हा सांगितलं, माफी मागितली. औषध अजून बाटलीतच होतं. फोन ठेवला आणि ती उठून इस्पितळाच्या साहेबांकडे गेली.

साहेबांना तिनं सारं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आणि उद्या परत चुकलं तर?" तिला फोनवरून काढून रिपोर्टच्या पाकिटांवर शिक्के मारायला बसवलं. चूक माझी, खुर्ची तिची गेली.

"ताई, मी घाई केली," घरी धाकटा म्हणाला.

"तुला कौतुक ऐकायचं होतं," ती म्हणाली. "मला आकडा ऐकायचा होता रे."

त्यानं थांबाबाईंना फोन लावला. बाईंनी माफी ऐकूनसुद्धा घेतली नाही. "तपासायला माणसं किती देताय, ते बोला." तेव्हापासून माझी दोन रूपं आहेत. एकात सगळे नवे प्रयोग चालतात. दुसरं कामाच्या माणसांसाठी, त्यात बाईंच्या परवानगीशिवाय टिंबसुद्धा हलत नाही.

तुम्ही माझ्याकडे नवंनवं मागता. जरूर मागा. पण ते कच्चं असतानाच वापरून मी कुठे अडखळतो तेही कळवा. तपासणाऱ्याला अडवणूक करणारा म्हणू नका.

नर्सनं साहेबांशी भांडून ताईला पुन्हा फोनवर आणलं. आता ताई प्रत्येक आकडा माझ्याकडून परत वाचून घेते. मग हळूच शेजारी वळते, "जरा बघतेस का गं?" नर्स बघते, मान डोलावते, आणि मग चुकून मान डोलावल्याचं लक्षात येऊन तोंडानं म्हणते, "बरोबर आहे." मी बरोबरच वाचलेलं असतं. तरी ताई विचारते. तिनं विचारावंच.